मदत हवी आहे: भाचीच्या वीस गेज सेमी-ऑटोचा दस्ता कापायचा का?

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, बंदूक पुण्यात नाही, माझी नाही, आणि परवान्याचं काही विचारायला आलेलो नाही. बंदूक आहे अमेरिकेत, मिनेसोटाला, माझ्या ताईकडे. भाची आठवीत आहे आणि शाळेच्या ट्रॅप संघात खेळते, म्हणजे हवेत उडवलेल्या ताटल्या (क्ले) छर्र्यांच्या बंदुकीने फोडायच्या. तिकडे शाळांची क्ले टार्गेट लीग असते. २००१ साली त्याच राज्यात सुरू झाली, सहावी ते बारावीची मुलंमुली खेळतात आणि सुरक्षिततेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय कुणाला उभं करत नाहीत. तेव्हा 'एवढ्याशा पोरीच्या हातात बंदूक?' यावर चर्चा करायची असेल तर वेगळा धागा काढा, मी तिथे येईन.

दाजींनी तिच्यासाठी जुनी रेमिंग्टन ११०० घेतली. वीस गेज (गेज किंवा बोअर म्हणजे नळीचं माप, वीस ही बारापेक्षा बारीक), अक्रोडाचा दस्ता, मोठ्या माणसाच्या मापाचा. चापापासून दस्त्याच्या रबरापर्यंत १४ इंच भरतात आणि पोरीची उंची चार फूट दहा. व्हिडिओत बघितलं तर कंबर पुढे, खांदे मागे, आणि बार काढताना दर वेळी मान उचललेली. गालाच्या हाडावर निळा डाग पडलाय. २५ क्लेंपैकी निम्म्यासुद्धा फुटत नाहीत.

माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, म्हणून ताईचा फोन: "तू लाकडातला माणूस, कुठून कापायचं सांग." दाजींकडे गॅरेजमध्ये करवत आहे आणि उत्साह त्याहून जास्त आहे, म्हणून जरा घाई आहे.

व्हिडिओ कॉलवर रबर काढून आतलं दाखवलं. मला वाटलं होतं साधा भरीव दस्ता असेल. आत दस्त्याच्या पोटातून एक पोलादी नळी येते आणि तिच्या टोकाला नट आहे. तो कसला की दस्ता सुटत नाही. ती नळी असताना मागून किती कापता येईल? मागचा उतार तसाच ठेवायचा की बदलायचा? दुसरं, गाल टेकतो तो भाग तिला खाली पडतोय. भवानी पेठेतून चांगलं शिसव आणून वर बसणारा तुकडा इथे घडवून कुरिअर केला तर? तिसरं, क्लबातलं कुणीतरी म्हणालं की पुढे वजन बसवा, धक्का कमी लागतो. आधीच पोरीचे हात भरून येतात, त्यात आणखी वजन?

जाता जाता: रिकामी काडतुसं उजवीकडच्या मुलाच्या अंगावर उडतात, त्यावरून कुरबूर चालू आहे.

प्रतिसाद: पेठकर

बालेवाडीला एअर रायफल लावली असती तर ना धक्का, ना कुरबूर.

प्रतिसाद: उडती ताटली

वरच्यांकडे दुर्लक्ष करा. महाराष्ट्रात नेमबाजी म्हटलं की रायफल आणि पिस्तूल, ट्रॅपवाल्यांना कुणी विचारत नाही, त्याची सवय आहे आम्हाला.

कापू नका. म्हणजे हाच दस्ता कापू नका. ११०० ही १९६३ पासूनची बंदूक, तिकडे तिचे जुने दस्ते ढिगाने मिळतात, त्यात मुलांसाठीचे आखूडही असतात. तसा एक घ्या, मूळचा कपाटात ठेवा. पोरगी दोन वर्षांत वाढेल, तेव्हा पुन्हा चढवता येईल. आतली नळी म्हणजे ॲक्शनच्या, म्हणजे रिकामं काडतूस काढून नवं भरणाऱ्या यंत्रणेच्या, स्प्रिंगचं घर. आखूड दस्त्यातही ती तशीच बसते, त्यामुळे इंचभर कमी करायला तिची आडकाठी नाही. मात्र तिच्या आसपासचं लाकूड कोरायच्या फंदात कुणी पडू नये.

एक गोष्ट आधी बघायला सांगा. वीस गेज ११०० दोन चौकटींत (चौकट म्हणजे ॲक्शन ज्यात बसते तो मधला धातूचा भाग) आली. सुरुवातीची बारा गेजच्या मोठ्या चौकटीवर, आणि नंतरची लहान चौकटीवर, जिला एलटी-२० म्हणतात. एकीचा दस्ता दुसरीला बसत नाही.

कापायचाच झाला तर रबर जिथे बसतं तिथे चहूबाजूंनी मास्किंग टेप, बारीक दाताचं पातं, आणि उतार आहे तोच. तो उतार चुकला तर दस्त्याचं खालचं टोक छातीत रुततं, मुलींना तर हमखास. कापलेला तुकडा फेकू नका, पुढे तोच परत जोडता येतो. माप कोपराशी धरून घेतात ते ढोबळ असतं. खरं माप असं: बंदूक खांद्याला लावल्यावर नाक आणि मुठीचा अंगठा यांत दोन-तीन बोटं अंतर राहिलं पाहिजे.

आता गाल. शॉटगनला मागे साइट नसते, डोळाच साइट. गाल जितका वर, तितके छर्रे वर जातात. ट्रॅपमध्ये क्ले चढत जाते म्हणून थोडं वर लागलेलं चालतं, पण ते अंदाजाने ठरवू नका. १६ यार्डांवर मोठा कागद लावून, नळीवरच्या पट्टीवरून नीट बघून दोन-चार बार काढा आणि छर्र्यांचा मध्य कुठे पडतो ते बघा. मग फोमच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवत जा. शिसवाची गरज नाही, फोम गालाला सुखाचा.

वजनाचं: ही गॅसवर चालणारी बंदूक आहे, म्हणजे बाराच्या गॅसनेच ॲक्शन फिरते, धक्का मुळातच मऊ. इनर्शियावर, म्हणजे बंदुकीच्या मागे येणाऱ्या धक्क्यावर, चालणाऱ्यांत वजन वाढवलं की कधीकधी ॲक्शन पूर्ण फिरत नाही, ती अडचण इथे नाही. पण मापात नसलेल्या बंदुकीला वजन लावून उपयोग काय? आधी माप, मग हलक्या भाराचं काडतूस, आणि वजन सगळ्यात शेवटी.

काडतुसांसाठी, ती जिथून बाहेर उडतात त्या खिडकीपाशी बसणारा छोटा क्लिप मिळतो. रिकामं त्यात अडकतं, शेजारचा सुटतो.

आणि हो, मान उचलते म्हणालात. डोळा तपासला का? उजव्या खांद्यावरून मारणाऱ्या मुलीचा डावा डोळा जोरकस असेल, म्हणजे नेम आपोआप त्याच डोळ्याने धरला जात असेल, तर दस्ता सोन्याचा केलात तरी क्ले फुटायची नाही.

प्रतिसाद: खडकी बाजार

वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, त्यामुळे तिथल्या केएफ शिक्क्याची बारा बोअरची काडतुसं लहानपणापासून बघितली आहेत. म्हणून एकच सांगतो: घरात किंवा क्लबच्या पिशवीत बारा आणि वीस एकत्र ठेवू देऊ नका. वीसचं काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, नळी रिकामी समजून मागून बाराचं भरलं की नळी फुटते. वीसची काडतुसं पिवळी असतात ती याचसाठी.

कुरिअरचं मनातून काढून टाका. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' म्हणताना सुटे भागही धरलेत, आणि ते बनवायला व बाहेर पाठवायला परवाना लागतो. गालाखालचा तुकडा 'भाग' की नुसतं लाकूड, हा वाद कस्टमच्या टेबलावर घालत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

धागालेखक

खडकी बाजार, पटलं. शिसवाचा बेत रद्द.

उडती ताटली, काल रात्री ताईला फोनवर डोळ्याची चाचणी करायला लावली. दोन्ही हात पुढे, तळव्यांमध्ये छोटी फट, फटीतून भिंतीवरचं घड्याळ, मग एकेक डोळा बंद. उजवा मिटला तरी घड्याळ जागेवर, डावा मिटला की गायब. पुन्हा पुन्हा तेच. म्हणजे डावाच! मान उचलते ती डावा डोळा पट्टीवर आणायला. मग आता डाव्या खांद्यावर न्यायची का?

प्रतिसाद: उडती ताटली

वाटलंच होतं.

डावा खांदा हा चांगला उपाय, पण या बंदुकीत खिडकी उजवीकडे आहे, रिकामं काडतूस तिच्या तोंडासमोरून उडेल. क्लिप लावला तर ट्रॅपमध्ये चालून जातं, एका क्लेला एकच काडतूस भरायचं असतं. पण हात बदलणं म्हणजे सगळं पहिल्यापासून. त्याआधी नेमबाजीच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर धूसर टेपचा नखाएवढा तुकडा लावून बघा. बंदूक खांद्याला असताना पट्टीचं टोक त्या डोळ्याला दिसेनासं झालं पाहिजे, बाकी सगळं दिसलं पाहिजे. जागा तिच्या प्रशिक्षकाला ठरवू दे, आणि बंदूक रिकामी आहे हे दोघांनी बघून मगच. डोळा पूर्ण मिटायला लावू नका, क्लेचं अंतर कळत नाही.

टेपने जमलं तर आखूड दस्ता आणि फोम एवढ्यावर भागेल. नाही जमलं तर डाव्या खांद्याच्या हिशेबाने दस्ता घ्यावा लागेल, म्हणून दस्त्याची ऑर्डर आठवडाभर थांबवा.

मधल्या काळात दाजींना एक काम द्या. पुढचं लाकूड काढून मॅगझिनच्या (जादा काडतुसं राहतात त्या) नळीवर पिस्टनच्या पुढे काळी रबरी रिंग असते, ती बघू दे. जुन्या ११०० मध्ये ती चिरते, गॅस गळतो आणि रिकामं काडतूस अर्धवट अडकतं. स्वस्तात मिळते, जास्तीची एक पिशवीत ठेवा.

धागालेखक

रिंग चिरलेलीच निघाली, दाजी खूश! टेप शनिवारच्या सरावाला लावणार आहेत. बार जिथून सुटतो त्या पुढच्या नळीवर एलटी-२० असं कोरलंय, म्हणजे लहान चौकट ना?

प्रतिसाद: उडती ताटली

हो. पण नळी कुणी बदललेली असू शकते. दस्ता मागवताना बंदुकीच्या चौकटीवरचा नंबरही कळवा.