एलईडी आणि पर्ससीनवर कारवाईचा अधिकार नेमका कुणाचा?

रापणवाला

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून रात्री समुद्रात पांढरा लखलखाट दिसतो, म्हणजे एलईडी दिव्यांनी मासे ओढून पकडणाऱ्या नौका. जानेवारी उलटला तरी पर्ससीनही (थवाच्या थवा वेढून आवळणारं मोठं जाळं) चालूच. तक्रार घेऊन गेलं की एकीकडे सांगतात ‘ती हद्द केंद्राची’, दुसरीकडे सांगतात ‘हे राज्याचं काम’. कायद्याने अधिकार कुणाला आहे? आणि तक्रारीत काय लिहिलं म्हणजे ती नुसती फायलीत पडून राहणार नाही? मोबाइलवरचा फोटो पुरतो का?

बारा_मैल

दोन्ही उत्तरं अर्धी खरी आहेत, म्हणूनच टोलवाटोलवी चालते.

आधाररेषेपासून (किनाऱ्यालगतची, हद्द मोजायची रेषा) 12 सागरी मैलांपर्यंत (साधारण 22 किलोमीटर) मासेमारी हा राज्याचा विषय. तिथे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 लागू होतो आणि अंमलबजावणी मत्स्यव्यवसाय विभागाची. त्यापुढे 200 मैलांपर्यंत केंद्राची हद्द, तिथे कोस्ट गार्ड.

एलईडीच्या बाबतीत मात्र हद्दीची सबब टिकत नाही. केंद्राने 10 नोव्हेंबर 2017 च्या आदेशाने 12 मैलांपलीकडेही एलईडी आणि जोडीने ट्रॉलिंग (दोन नौकांनी मिळून एक जाळं ओढणं) बंद केलं, नोव्हेंबर 2025 च्या ईईझेड (200 मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र) नियमांतही ती बंदी आहे. आत राज्याची बंदी आहेच. म्हणजे लाइट कुठेही पेटली तरी बेकायदाच, फक्त पकडणारा बदलतो.

पर्ससीनचं तसं नाही. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशानुसार राज्याच्या हद्दीत परवानाधारक पर्ससीनला 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर एवढीच मुभा. जानेवारीत पकडला की तांडेलाचं (नौकेच्या प्रमुखाचं) ठरलेलं उत्तर असतं, ‘आम्ही बाराच्या बाहेर जाळं मारलं’. त्यामुळे पर्ससीनच्या तक्रारीत जागा नसेल तर ती तक्रार नाहीच म्हणा.

दुसरी गोष्ट, 2021 च्या दुरुस्तीआधी या प्रकरणांचा निवाडा तहसीलदाराकडे होता आणि महसुलाच्या कामात ती मागे पडायची. आता अभिनिर्णय अधिकारी, म्हणजे निवाडा देणारे, मत्स्यव्यवसायचेच सहायक आयुक्त आहेत. दंडही वाढला: एलईडीला 5 ते 20 लाख, पर्ससीनला 1 ते 6 लाख. तेव्हा अर्ज थेट जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांच्या नावे करा, प्रत परवाना अधिकाऱ्याला, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. सागरी पोलीस गस्तीला मदत करतात, पण या कायद्याखालचं प्रतिवेदन (निवाड्यासाठीचा लेखी अहवाल) मत्स्यव्यवसायच्या अधिकाऱ्यानेच दाखल करायचं असतं.

होकायंत्र

फोटोबद्दल. रात्रीच्या फोटोत काळ्या पडद्यावर पांढरा ठिपका येतो, त्यातून ना जागा कळते ना नौका. त्यापेक्षा हिशेब करा.

डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढून 2.08 ने गुणा: तेवढ्या सागरी मैलांवर तुमचं क्षितिज. दिव्याच्या उंचीचंही तसंच काढून बेरीज करा. पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) उभ्या माणसाचा डोळा पाण्यापासून 3 मीटर धरला तर 3.6 मैल, नौकेवरचा दिवा 6 मीटरवर असेल तर 5.1 मैल. एकूण 8.7. म्हणजे पुळणीवरून दिवा स्वतः दिसत असेल, नुसता आभाळातला उजेड नव्हे, तर नौका बारा मैलांच्या आतच आहे. हे गणित अर्जात लिहा, ‘केंद्राची हद्द’ तिथेच संपते. 30 मीटर उंच कड्यावरून मात्र हाच दिवा 16 मैलांपर्यंत दिसू शकतो, त्यामुळे तिथून पाहिलेल्यावर दावा करू नका.

जागा हवी असेल तर किनाऱ्यावर चार-पाच किलोमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणांहून, एकाच मिनिटाला, त्याच दिव्याची दिशा होकायंत्राने अंशांत घ्या. फोनवर बोलत घेतली तर दिवा चुकत नाही. नकाशावर दोन रेषा जिथे कापतात ती जागा. 15 किलोमीटरवरच्या नौकेसाठी 2 अंशांची चूक म्हणजे दीड-दोन किलोमीटरचा फरक, तो चालतो. फोनचं होकायंत्र मोटारसायकल किंवा लोखंडी रेलिंगजवळ सहज 10 अंश भरकटतं. हातातलं साधं चुंबकीय घ्या.

जेटी_नंबर_दोन

वरचं सगळं बरोबर, पण समुद्रात पाठलागाच्या भरवशावर राहू नका. गस्तीनौका बंदरातून सुटेपर्यंत लाइट विझलेली असते. एलईडीवाल्यांत दिवे-जनरेटरची नौका वेगळी आणि जाळ्याची वेगळी असंही चालतं, एक पकडली तर दुसरी मोकळी.

पकडायची जागा म्हणजे बंदर. दिवे, जनरेटर, पाण्यात सोडायचे बल्ब हे साहित्य नौकेवर सापडलं म्हणूनही कारवाई होते. पहाटे नौका लागते ती वेळ, जेटी, केबिनवरचा नोंदणी क्रमांक (नुसतं IND नव्हे, ते सगळ्यांनाच असतं; त्यापुढची राज्याची अक्षरं आणि पुढचे सगळे आकडे), जनरेटर कुठे बांधलाय, एवढं अर्जात द्या. फोटो इथे उपयोगी: दिवसा, क्रमांक आणि साहित्य एकाच चौकटीत.

नौका अवरुद्ध झाली (अडकवून ठेवली) की मासळीचा लिलाव होऊन रक्कम शासनाकडे जमा होते आणि प्रतिवेदन जातं. प्रकरण सैल पडतं ते पंचनाम्यात. जाळ्याचा प्रकार ‘मोठं जाळं’ असा मोघम लिहिलेला, जीपीएसची नोंद नाही, पंचांच्या सह्या नाहीत. सुनावणीत वकील तेवढ्यावरच बोट ठेवतो.

रापणवाला

उपयोगी. परराज्यातल्या ट्रॉलरचं काय? आणि रात्री फोन कुणाला लावायचा?

बारा_मैल

कर्नाटक-गोव्याची नौका आपल्या बारा मैलांत आली तर कायदा आपलाच लागतो. तिच्याकडे महाराष्ट्राचा परवाना नाही हाच मुख्य आरोप. क्रमांकातली अक्षरं तेवढी नीट टिपा. वेगवान ट्रॉलरना मत्स्यव्यवसायची गस्तीनौका क्वचितच गाठते, तिथे कोस्ट गार्डला कळवणं शहाणपणाचं: 1554. सागरी पोलिसांचा 1093. फोनवर आधी जागा, मग दिशा, मग नौकेचा रंग. गाऱ्हाणं नंतर.

जेटी_नंबर_दोन

आणि अर्जाला महिना झाला की माहितीच्या अधिकारात तीनच प्रश्न टाका: प्रतिवेदन कोणत्या तारखेला दाखल झालं, दंड किती ठरला, वसूल किती झाला. चौथा हवाच असेल तर त्या नौकेचा परवाना सध्या चालू आहे का ते विचारा. परवाना थांबला की डिझेलवरच्या कराचा परतावाही अडकतो, आणि मालकाला दंडापेक्षा तेच जास्त लागतं.