शब्दचर्चा: ‘अपंग’, ‘दिव्यांग’ की आणखी काही?

प्रश्न:
जपानच्या प्रवासाची टिपणे लिहिताना एका शब्दापाशी अडले आहे. टोकियोच्या एका स्थानकावर व्हीलचेअरवरील एक गृहस्थ एकटेच प्रवासाला निघाले होते. कर्मचाऱ्याने त्यांना कोठे उतरणार एवढेच विचारले, फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीवर घडीची फळी टाकली आणि पुढच्या स्थानकाला कळवले, म्हणजे तेथेही कोणी फळी घेऊन उभे राहील. माझ्या मनात मात्र आधी आले ते ‘यांच्याबरोबर कोण आहे?’ असे. टिपणात प्रथम ‘अपंग गृहस्थ’ लिहिले, ते खोडून ‘दिव्यांग’ केले आणि मग तेही खोडले. योग्य शब्द कोणता?

उत्तर १:
सरकारी अर्जात ‘दिव्यांग’च लिहावे लागेल. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तो सुचवला आणि २०१६च्या कायद्याच्या हिंदी नावातही तो आला. परंतु या क्षेत्रातील अनेक कार्यकर्त्यांनी त्याला तेव्हाच हरकत घेतली होती आणि ती मला पटते. ज्याला फलाटावरून डब्यात चढण्यासाठी फळी हवी आहे, त्याच्या गळ्यात दिव्यत्वाचा हार घालून काय साधणार?

उत्तर २:
‘अपंग’, ‘विकलांग’, ‘व्यंग’, ‘दिव्यांग’ या चारही शब्दांत ‘अंग’ आहे, म्हणजे उणे असो वा दिव्य, बोट शरीराकडेच जाते. अपंगत्वासाठीच्या जपानी भाषेतील ‘शोगाइ’ या शब्दात शरीर नाही. त्यातील पहिल्या चिन्हाचा अर्थ अडथळा आणि दुसऱ्याचा अपाय. या ‘अपाया’वरूनच तेथे वाद आहे. काही नगरपालिका ते चिन्ह टाळून तेवढा भाग साध्या उच्चारलिपीत लिहितात, तर काहींना त्याऐवजी ‘अडथळा’ याच अर्थाचे जुने चिन्ह हवे आहे, जे सरकारने ठरवलेल्या १९४६च्या मर्यादित चिन्हांच्या यादीत आले नव्हते. अडथळा माणसात आहे की फलाटाच्या फटीत, हा प्रश्न त्यांच्या लेखनपद्धतीतच शिरला आहे. आपल्याकडे ‘अपंगत्व’ म्हटले की फट दिसतच नाही. (शब्द बदलला म्हणून फळी येत नाही, हेही खरेच.)

उत्तर ३:
एक पुरवणी. ‘व्हीलचेअरला खिळलेले’ असे मात्र लिहू नका. वृत्तपत्रांत ते सर्रास आढळते. मूळ वाक्प्रचार ‘अंथरुणाला खिळणे’ असा आहे आणि त्यात हालचाल थांबलेली असते. व्हीलचेअरमुळे तर माणूस हिंडू लागतो, त्यामुळे ‘खिळणे’ येथे अर्थानेच चुकते.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. ‘व्हीलचेअरवरून प्रवास करणारे एक गृहस्थ’ असे लिहिले आहे. मनात आलेला ‘बरोबर कोण आहे?’ हा प्रश्न गाळणार होते, पण तो तसाच ठेवला आहे. चूक शब्दाआधी तेथेच झाली होती.