नागपूरची वीज महापालिकेकडे द्यावी का? हिशेब कोण विचारणार?

महालकर
मे २०११ मध्ये महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या तीन विभागांची वीज फ्रँचायझीकडे, म्हणजे वाटप आणि वसुली कराराने बघणाऱ्या खासगी कंपनीकडे गेली. करार १५ वर्षांचा होता. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीने आर्थिक अडचण सांगून हात वर केले आणि कारभार पुन्हा महावितरणकडे आला. या आठ वर्षांत कंपनी महावितरणकडून वीज काय दराने घेते, तिच्याकडे किती थकलंय, हे आमच्या बिलावर कधी दिसलं नाही. मुंबईत बेस्टची वीज १९४७ पासून महापालिकेची आहे. तिचा अर्थसंकल्प महापालिकेत येतो, नगरसेवक त्यावर भांडतात. नागपुरातही तसंच हवं. ज्याला मत दिलं त्याला चौकात अडवून विचारता येतं.

निवृत्त लेखापाल
महालकर भाऊ, माझं आयुष्य खतावण्या तपासण्यात गेलं, म्हणून लिहितो. बेस्टकडे नीट बघा. बसचा तोटा वर्षानुवर्षं वीजग्राहकांच्या बिलातून वसूल झाला. दोन धंद्यांची तिजोरी एक केली की हेच होतं. आणि नगरसेवकांचं म्हणाल, तर आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता. तेव्हा चौकात कुणाला अडवलं असतं?
महावितरण सरकारी कंपनी आहे. तिच्यावर कॅगचं लेखापरीक्षण आहे, विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती आहे. दर बदलायचा तर राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे याचिका करावी लागते, आणि विद्युत कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे लोकांच्या हरकती विचारात घेतल्याशिवाय आदेश निघत नाही.

महालकर
आयोग बेस्टलाही लागू आहेच ना, काका. म्हणजे तो सुटत नाही, वर सभागृह मिळतं. कॅगचा अहवाल येईपर्यंत तर पैसा कधीच खर्च झालेला असतो.
आयोगाच्या एका जनसुनावणीला मी गेलो होतो. शेजारच्या आजोबांनी खिशातून बिल काढलं, घडी उलगडली, बोट ठेवून मला विचारलं, “हा स्थिर आकार कशाचा?” त्याखाली वहन आकार, इंधन समायोजन आकार, १६ टक्के वीज शुल्क. याचिका शेकडो पानांची. उत्तर तिच्यात असेलही, पण ते शोधायला सीए लागतो.

इतवारीवाली
मालक कोण यापेक्षा कागद कुणाच्या हातात आहे ते बघा. माझ्या दुकानाला चार महिने सरासरी बिल आलं. मीटरच्या फोटोच्या जागी नुसता काळा डाग. तीन चकरा वाया गेल्या, मग ग्राहक तक्रार निवारण मंचात गेले. वकील नव्हता. चार बिलं आणि रोज सकाळी शटर उघडताना मोबाइलवर काढलेले मीटरचे फोटो, एवढंच नेलं. जास्तीचे पैसे पुढच्या बिलात वळते झाले. तिथं दाद लागली नसती तर वर विद्युत लोकपाल आहेत, तेही नागपुरातच.
पण हे एका मीटरचं झालं. माझ्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून आमच्या भागाला येणाऱ्या वाहिनीवर किती युनिट सोडले, कितीचं बिल केलं, किती पैसे आले, हे तीन आकडे दर महिन्याला उपकेंद्राच्या भिंतीवर मराठीत लावा. लाइन लॉस, म्हणजे विजेची गळती नेमकी कुठे होते ते गल्लीला बरोबर कळतं.

कोराडी रोड
ताई, भिंतीवर आकडे लागले की आधी गरीब वस्तीवर चोर म्हणून शिक्का बसेल. गळतीवरून फीडरचे गट पाडून भारनियमन करायची पद्धत आपण भोगली आहे. बिल भरणाराही शेजाऱ्याने तारेवर टाकलेल्या चोरीच्या आकड्यापायी अंधारात बसायचा. कोराडी-खापरखेड्याची राख आमच्या वाळवणावर, वीज राज्यभर, आणि वर हा डाग?

इतवारीवाली
दादा, राखेचं दुःख खरं आहे. पण भारनियमनासाठी फीडरचे आकडे काढता आले, तर हिशेब दाखवायलाही येतील. घराघराची नावं लावा असं मी म्हणत नाही.

निवृत्त लेखापाल
इथं मी ताईंच्या बाजूने. त्यात थकबाकीही लावा. घरगुती वेगळी, सरकारी कार्यालयांची वेगळी. पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची बिलं स्थानिक संस्थांकडे थकतात, ही राज्यभराची रड आहे. महालकर, मला एवढंच सांगा, महापालिकाच मालक झाली आणि तिच्याच पथदिव्यांचं बिल थकलं, तर कनेक्शन कोण कापणार?

महालकर
काका, याला आज माझ्याकडे उत्तर नाही. विजेचं खातं वेगळं, त्याचा ताळेबंद वेगळा, आणि पालिकेलाही बिल रोखीने, हे आधी लिहून घ्यावं लागेल. मागणी मात्र मी सोडत नाही.