कंडिशनिंगला मराठीत काय म्हणायचं? (आणि पर्स म्हणजे इनाम का?)

शंकेखोर

मंडळी, शंका एकच आहे पण जरा लांबण लागेल. भाच्याला बॉक्सिंगचा नाद आहे, त्याच्यामुळे मीही रात्री-अपरात्री बघायला लागलो. परवा त्याने एका मराठी बातमीचा फोटो पाठवला, त्यात एक हेवीवेट बॉक्सर "सध्या रस्त्याच्या कामात व्यस्त आहे" असं छापलेलं. दोन मिनिटं मला वाटलं गडी निवृत्त होऊन ठेकेदार झाला. मग ट्यूब पेटली, रोडवर्क! म्हणजे पहाटे उठून पळणं. त्याच बातमीत खाली "शारीरिक अनुकूलनाचा अभाव" आणि "त्याला मोठी पर्स मिळणार", म्हणजे लढतीचे पैसे. पर्स म्हणे. आतला आरसा-कंगवा पण मिळणार असेल.

हसून झालं, पण नंतर मलाच प्रश्न पडला की कंडिशनिंगला, म्हणजे शेवटच्या राउंडपर्यंत टिकायच्या शरीराच्या तयारीला, आपण म्हणतो काय? तंदुरुस्ती म्हणावं तर आमचे शेजारचे काका रोज पर्वती चढतात, ठणठणीत आहेत, पण त्यांना तीन-तीन मिनिटांचे बारा राउंड कोणी उभं करणार नाही. स्टॅमिना सगळेच म्हणतात, पण तो तर आपल्याकडे चाळीतल्या क्रिकेटलाही लागतो.

हे डोक्यात आलं ते हेवीवेट बॉक्सर टायसन फ्युरी आणि फ्रान्सिस एन्गानूच्या मॅचमुळे. 28 ऑक्टोबर 2023, रियाध. एन्गानू मूळ युएफसीवाला, म्हणजे लाथा, पकडी, जमिनीवर पाडणं या खेळातला माजी चॅम्पियन, आणि बॉक्सिंगची ही त्याची पहिलीच व्यावसायिक लढत, ती थेट फ्युरीशी! फ्युरी 126 किलोचा होऊन आला, पोट सुटलेलं, आणि तिसऱ्या राउंडमध्ये ठोसा खाऊन चक्क खाली बसला. शेवटी दहा राउंडनंतर पंचांमध्ये दोन विरुद्ध एक असा निसटता जिंकला. भाचा म्हणाला "मामा, कंडिशनिंग नव्हतं". मी म्हटलं मराठीत सांग. तो गप्प, मीही गप्प.

आणि या असल्या लढतीला क्रॉसओव्हर म्हणतात, त्याचंही काहीतरी सुचवा.

खासबागकर

शब्द शोधायला लांब कशाला जाताय, तालमीत या. आमच्याकडं कुणी स्टॅमिना म्हणत नव्हतं, दम म्हणायचे. "पोरगं दमाला बरं हाय" म्हटलं की विषय संपला. आणि त्याच्या पुढचा शब्द दमसास. नुसती ताकद असलेला पैलवान पहिल्या दोन मिनिटांत समोरच्याला उचलून आपटंल, पण तेवढ्यात झालं नाही तर मग त्याच्याच नाकातोंडाला फेस, धापा टाकतोय, हात जड झालेत, आणि समोरचा बारका गडी नुसता फिरवतोय त्याला. आधी दमवायचा मग चीत करायचा, ही काय नवी गोष्ट न्हाई. वस्ताद लोक हजार-दीड हजार जोर-बैठका मारून घ्यायचे त्या काय दंड दिसावेत म्हणून न्हाई.

अजून एक. तालमीत व्यायामाला मेहनत म्हणतात. "आज मेहनत झाली का?" त्यामुळं कंडिशनिंगची क्रिया म्हणजे मेहनत आणि त्यातून जे कमावलं ते दमसास. बघा पटतंय का.

मध्यलय

मला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नाही, गाण्यातली आहे, पण दमसास शब्द दिसला म्हणून आले. खासबागकर, हा शब्द आमच्याकडेही रोजचा आहे हो. लांब तान घेताना, विलंबित ख्यालात समेपर्यंत आवाज न तुटता पोचताना लागतो तो दमसास. पण छातीत हवा किती भरली हा त्यातला छोटा भाग, ती कुठे किती खर्च करायची हे खरं. नवशिका गायक पहिल्याच आवर्तनात सगळं ओतून मोकळा होतो, मग समेवर येताना चेहरा लाल. म्हणून शंकेखोर, मला वाटतं तुमच्या शब्दात हे "राखून वापरणं" येत असेल तर दमसास फिट्ट बसतो, आणि नुसता साठा असेल तर दम पुरे.

आणि दम शब्दाची गंमत बघा ना. फारसीत दम म्हणजे श्वास, तिथून आपल्याकडे दम लागला, दम खाल्ला, दम धर (थांब जरा), त्याच्यात काही दम नाही, आणि पोलिसांनी दम दिला. शिवाय संस्कृतातला दम वेगळाच, शम-दम मधला, म्हणजे इंद्रियांना आवरणं, त्यातूनच दमन. म्हणजे दम लागणे हे एका टोकाला आणि दम असणे हे बरोबर उलट्या टोकाला! परदेशी माणसाला मराठी शिकवताना या एका शब्दावर माझा अर्धा तास गेला होता.

रात्रपाळी

मध्यलय ताई, "राखून वापरणं" हा मुद्दा बॉक्सिंगला शंभर टक्के लागू आहे. मी इकडे न्यू जर्सीत असतो, रात्रपाळी नसली की मॅच बघतो, सो थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

तंदुरुस्त दिसणं आणि दमसास असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचं सगळ्यात मस्त उदाहरण म्हणजे अँडी रुईझ. 1 जून 2019, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर अँथनी जोशुआ, अगदी कोरून काढलेलं शरीर, आणि हा रुईझ 121 किलोचा, पोट थुलथुलतंय, तोही ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी बोलावलेला. तिसऱ्या राउंडमध्ये रुईझ आधी खाली पडला, उठला, आणि त्याच राउंडमध्ये त्याने जोशुआला दोनदा पाडलं, सातव्यात खेळ खल्लास. म्हणजे ज्याचं शरीर मासिकाच्या कव्हरवर शोभेल त्याचा दम तुटला आणि पोटवाला ताजातवाना! मोठे स्नायू दिसतात छान पण ते सगळे प्राणवायू मागतात, आणि ठोसा चुकला तर लागलेल्यापेक्षा जास्त दमवतो, हे हातात ग्लोव्ह घालून एकदा तीन मिनिटं बॅग मारली की समजतं. मी एकदा मारली. दीड मिनिटात बाकावर.

पण आता याचा दुसरा भाग. सहा महिन्यांनी 7 डिसेंबर 2019 ला सौदीत दिरिय्याला परत तेच दोघं. मधल्या काळात रुईझकडे पैसा आला, गाड्या आल्या, पार्ट्या झाल्या, आणि तो जवळपास 129 किलोचा होऊन आला. जोशुआ उलट बारीक होऊन, 107 किलोच्या आसपास. बारा राउंड जोशुआ नुसता लांबून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारत फिरत राहिला आणि रुईझला पोचताच येईना. नंतर स्वतः रुईझनेच कबूल केलं की सराव धड केला नव्हता.

याआधी बस्टर डग्लसचं पण तेच. फेब्रुवारी 1990 ला टोकियोत माइक टायसनला दहाव्या राउंडमध्ये झोपवलं, तेव्हा 105 किलो. ऑक्टोबरमध्ये होलिफील्डसमोर आला तो 111 च्या वर, तिसऱ्या राउंडमध्ये आडवा. पण त्या एका रात्रीचे त्याला दोन कोटी डॉलरच्या वर मिळाले! तर माझा प्रश्न असा की दमसास हा शब्द या "टिकवून ठेवण्याला" पुरतो का? डग्लसचा दम फेब्रुवारीत होता, ऑक्टोबरमध्ये नव्हता, माणूस तोच.

खासबागकर

पुरतो की. दम कमवावा लागतो आणि दम जातो सुद्धा. आमच्याकडं म्हणतात "मेहनत सुटली की दम सुटला". खुराक चालू आणि मेहनत बंद, की पैलवानाचं काय होतं ते गावोगावी बघा, एकेकाळचा गडी ओळखू येत न्हाई.

आता पर्सचं बोलतो. इनाम म्हणू नका. इनाम जिंकणाऱ्याला. मैदानात पुकारायचे, अमुक हजाराची कुस्ती, जो मारंल तो घेईल. ते डग्लसला हरून दोन कोटी डॉलर मिळाले म्हणताय त्याला इनाम कसं म्हणायचं? ती बिदागी. गवयाला, कीर्तनकाराला ठरवून देतात ती. रंगो न रंगो, देणं लागतं.

मध्यलय

अगदी! बिदागीच. फक्त आमची पाकिटात मावते.

शंकेखोर

वा, बिदागी आवडला. आणि क्रॉसओव्हरमध्ये तर हे जास्तच उघडं दिसतं. एन्गानूला युएफसीत जानेवारी 2022 ला, चॅम्पियन असताना, सिरिल गानला हरवल्याचे जाहीर झालेले पैसे सहा लाख डॉलर. आणि फ्युरीकडून हरल्यावर तोच म्हणतो की अख्ख्या युएफसी कारकिर्दीत कमावलं त्यापेक्षा या एका रात्रीत जास्त मिळालं. म्हणजे आपल्या खेळात जिंकून जे मिळालं नाही ते दुसऱ्याच्या खेळात हरून मिळालं. हा माणूस लहानपणी कॅमेरूनमध्ये वाळूच्या खाणीत फावडं मारत होता, त्याला कोण दोष देईल.

हलक्या वजनातही तेच, बॉक्सर मेवेदर विरुद्ध युएफसीवाला मॅकग्रेगर, ऑगस्ट 2017, लास वेगास. मेवेदरला किमान दहा कोटी डॉलर, मॅकग्रेगरला तीन कोटी, हे नुसते ठरवलेले आकडे, वरचं वेगळं. मॅकग्रेगर पहिले तीन-चार राउंड जोरात होता, मग मेवेदरने त्याला नुसता दमू दिला आणि दहाव्यात संपवला.

आता क्रॉसओव्हरला शब्द. मी "संकरित लढत" म्हणून बघितलं, भाचा म्हणाला मामा हे बियाण्याचं वाटतंय.

रात्रपाळी

😂 नुरा कुस्ती म्हणूया का? राजकारणाच्या बातम्यांत असतो हा शब्द.

खासबागकर

न्हाई, नुरा म्हणजे आधीच ठरलेली, लुटुपुटूची. एन्गानूनं फ्युरीला खाली बसवला ते काय ठरवून? आणि मार्च 2024 मध्ये त्याच एन्गानूला जोशुआनं दुसऱ्या राउंडमध्ये असा झोपवला की बघणाऱ्याच्या पोटात गोळा आला, ते पण नुरा? ठोसे खरे, रक्त खरं. खोटी असते ती जोड.

जोड हा शब्द घ्या. कुस्ती लावताना जोड बघतात, वय, वजन, कस. बरोबरीची असली तर काटाजोड, तराजूचा काटा मधी राहिला पाहिजे अशी. बरोबरीची नसली तर? लग्नात म्हणतात तो शब्द. विजोड.

मध्यलय

विजोड लढत! सुंदर आहे हो. आणि बेजोड म्हटलं की स्तुती होते, विजोड म्हटलं की नाक मुरडणं, एका अक्षराचा फरक. प्रमोटर बेजोड म्हणून विकणार, आपण विजोड म्हणायचं.

शंकेखोर

विजोड मला पण पटला, पण एक खुसपट काढतो. दोन खेळातले गडी भिडले की ती आपोआप विजोड होते का? आपल्या महाराष्ट्र केसरीत शेवटची कुस्ती माती विभागाचा विजेता विरुद्ध गादी विभागाचा विजेता अशीच असते की. तिथे कुणी विजोड म्हणत नाही.

खासबागकर

कारण दोन्हीकडं कुस्तीच हाय. मातीत पाय रुततो, गादीवर सरकतो, सवयीचा फरक. डाव तेच. इथं एकाला लाथ मारायची मुभा आयुष्यभर आणि त्या रात्री म्हणायचं फक्त मुठी. म्हणजे त्याचं निम्मं शस्त्र दाराबाहेर ठेवून आत घ्यायचं.

रात्रपाळी

आणि ते दाराबाहेर ठेवलं नाही तर काय होतं ते 26 जून 1976 ला टोकियोत दिसलं, मुहम्मद अली विरुद्ध अंतोनियो इनोकी. इनोकी जपानचा पैलवान, तो पंधरा राउंड बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला, अली वर उभा राहून ये ये करतोय, ठोसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. निकाल बरोबरी, लोकांनी रिंगमध्ये कचरा फेकला. अलीला साठ लाख डॉलर कबूल केलेले आणि घरी जाताना पाय सुजलेले, रक्ताच्या गुठळ्या झालेल्या. विजोडपणाची किंमत अशीही. त्यातून दमसासाचा तर प्रश्नच आला नाही, एकजण झोपूनच होता.

खासबागकर

झोपणाऱ्यांवरनं गामा पैलवान आठवला. 1910, लंडन, समोर पोलंडचा झिबिस्को. तो गडी खाली पडून चटईला जो चिकटला तो अडीच तास सुटला न्हाई, कुस्ती बरोबरीत सोडली. पुढच्या आठवड्यात परत नेमली तर आलाच न्हाई, गामाला विजयी केलं. आता सांगा, त्या अडीच तासात दम कुणाचा लागला असंल? वर बसून ओढणाऱ्याचा.

शंकेखोर

मग भाच्याच्या वहीत लिहून दिलं: कंडिशनिंग, दमसास. ते करणं, मेहनत. पर्स, बिदागी. क्रॉसओव्हर, विजोड लढत (खेळ वेगळे असतील तर). रोडवर्क, पळायला गेलाय, बास. त्याने वाचलं आणि लगेच पुढचा टाकला, मामा, रिंग रस्ट? बरेच दिवस खेळला नाही की हात-पाय पहिल्यासारखे चालत नाहीत तो. मी गंज लिहिणार होतो, हात आखडला.

मध्यलय

आमच्यात "गळा बसलाय" नाही चालणार, ते सर्दीचं. "सवय मोडली" म्हणतात.

खासबागकर

खाडा.

रात्रपाळी

खाडा कामावरचा ना? पगार कापतात तो?

खासबागकर

तालमीचा पण. एक दिवस गेला न्हाई की खाडा पडला.

रात्रपाळी

मग फ्युरीचा बघा. नोव्हेंबर 2015 मध्ये क्लिट्श्कोला हरवलं आणि थेट जून 2018 ला परत रिंगमध्ये. मध्ये दारू, नशा, डिप्रेशन, वजन कुठच्या कुठे. अडीच वर्षांचा खाडा. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वाइल्डरने बाराव्या राउंडमध्ये सपाट झोपवल्यावर उठून उभा राहिला, मॅच बरोबरीत.

खासबागकर

अडीच वर्षं? आमच्या वस्तादांनी उंबऱ्यातूनच परत पाठवला असता.