क्राइस्टचर्चच्या गोट्यांखालचं पाणी

जमीन सारखी हलते तिथे भूजल टिकतं कसं असं विचारलंयत ना, तर न्यूझीलंडचं क्राइस्टचर्च बघा, तिथे हलण्यामुळेच तर पाणी मिळालंय. अल्पाइन फॉल्ट म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भेगेपाशी सदर्न आल्प्सचे डोंगर अजूनही वर उचलले जातायत, हिमयुगात हिमनद्यांनी ते डोंगर खरवडले आणि वायमाकरीरीसारख्या नद्यांनी सगळे गोटे-वाळू खाली आणून कँटरबरीच्या मैदानात ओतले, थर शेकडो मीटर जाड. खरी गंमत किनाऱ्याजवळ आहे. हिमयुगात समुद्र साधारण १२० मीटर खाली, बर्फ वितळला की परत आत येऊन चिखल-गाळ पसरणार, हे बऱ्याचदा झालं, म्हणून गोटे, चिखल, परत गोटे अशी थप्पी. चिखलाच्या झाकणाखाली गोट्यांमधलं पाणी दाबात, बोअर मारलं की काही ठिकाणी आपोआप वर येतं.

याच गोट्यांनी ग्रीनडेल फॉल्टही झाकून ठेवलेला, ४ सप्टेंबर २०१० ला ७.१ चा भूकंप होईपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता! तेव्हा बऱ्याच विहिरींची पातळीही बदलली. पण मला विचाराल तर पाण्याला भूकंपापेक्षा डेअरीवाल्यांच्या नायट्रेटची (गाईंच्या मुतातून, खतातून झिरपणारं) भीती जास्त, किनाऱ्यापासून लांब वरच्या मैदानात ते अडवायला चिखलाचं झाकणच नाही.