कोबीवर रोटर फिरवणाऱ्या शेतकऱ्याला भाव काय द्यावा?

हडपसरकरीण:
आम्ही सहाजणी मंगळवारी आणि शुक्रवारी एका सरकारी दवाखान्याबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना रात्रीचं जेवण देतो. ८०-९० माणसं असतात. पोरगं आत आयसीयूत आणि बाप फुटपाथवर बिस्किटाच्या पुड्यावर, असं दर खेपेला दिसतं.

गेल्या महिन्यात पुरंदरला माहेरी गेले होते. शेजारच्या रानात कोबीवर ट्रॅक्टरचा रोटर फिरत होता. भरलेले गड्डे कराकरा चिरले जात होते. मार्केटला किलोला ३ रुपये, तोडणीसुद्धा सुटत नव्हती. मी ट्रॅक्टर थांबवायला लावला, डिकीत मावला तेवढा कोबी भरला. काका पैसे घेईनात. "उपाशी माणसाला घालताय, मग पैसं कसलं?"

फुकट आणला आणि तेव्हापासून मनाला लागलंय. एका उपाशी माणसासाठी दुसऱ्या अडलेल्याचं फुकट घ्यायचं, हे मला पटत नाही. आता दर आठवड्याला त्यांच्याकडूनच घ्यायचं ठरवलंय. भाव कसा ठरवू?

टोमॅटोवाला, जुन्नर:
ताई, त्या दिवशीच्या बाजारभावाने घेऊ नका. बाजार ३ रुपये म्हणतो तेव्हाच आम्ही मरतो. तोडणीची मजुरी, गोणी, टेम्पोभाडं धरा, वर त्यांच्या हातात काही उरेल असा, ज्याच्या खाली जायचं नाही तो भाव बांधा. कोबीला १० म्हणा. बाजार चढला की तो फरक अर्धा-अर्धा. पण माल थोडाच बांधा, आठवड्याला ४० किलो. सगळा माल बांधला आणि भाव कडाडला तर शब्द पाळणं शेतकऱ्याला जड जातं. २०२३ ला मे महिन्यात लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला, जुलैत त्याच टोमॅटोचं सोनं झालं.

फळं-भाजीपाला २०१६ मध्येच बाजार समितीच्या नियमनातून काढलाय, त्यामुळे बांधावरून घ्यायला अडचण नाही. आणि पैसे त्याच दिवशी द्या. उधारीवर पुण्य नको.

मोठं पातेलं:
लॉकडाऊनमध्ये आमच्या सोसायटीतून रोज २०० डबे जायचे, त्यावरून सांगते. आधी मेनू ठरवून मग भाजी शोधू नका, रानात जे आहे त्यावर मेनू ठरवा. कांदा गोल्टी म्हणजे बारीक घ्या, स्वस्त पडतो, शेतकऱ्याचाही निघतो. सोलायला मात्र दुप्पट वेळ धरा. पावसाळ्यात पालेभाजी नको, निवडताना निम्मी जाते.

खरा खर्च डाळीचा असतो. तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते, तेव्हाच थेट शेतकऱ्याकडून वर्षाची भरा. कडक ऊन दाखवून कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. ज्वारी होळीनंतर. बीड-लातूरकडची माणसं पुण्याला दवाखान्यात येतात, त्यांना तिसऱ्या दिवशी भात नको होतो. एका आजोबांनी माझा हात धरून विचारलं होतं, "बाय, भाकर मिळंल का?" आमच्याकडे त्या दिवशी फक्त पुलाव होता.

हडपसरकरीण:
दोघांचेही मनापासून आभार. काकांशी बोलले. पैशाचं नाव काढल्यावर गप्प झाले, मग म्हणाले, "दर आठवड्याला नेणार असशील तर घेतो." १० रुपये ठरले, चढ-उतार जुन्नरच्या दादांनी सांगितला तसा. त्यांनी वहीच्या कागदावर पट्टी लिहून दिली: कोबी ४० किलो, रु. ४००, मिळाले. डिकीतल्या कोबीचे मात्र नाहीच घेतले. ते मी तोडणीला आलेल्या दोघींच्या हजेरीत घातले.

या शुक्रवारी हरभऱ्याची डाळ घालून कोबी आणि भाकरी. ९० माणसांना १८० भाकऱ्या, आम्हा सहाजणींचे हात पुरणार नाहीत. हडपसरच्या आसपास कुणाला थापता येत असेल तर दुपारी ३ ला या. पीठ आणि तवे आहेत.