जिभेच्या कॅन्सरभोवतीचा दाह: प्रॉग्नोसिससाठी किती धरायचा?

स्लाइडखालून: जिभेच्या कडेचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, 1.8 सेंमी, आक्रमणाची खोली 4 मिमी, मार्जिन (कापलेल्या भागाच्या कडा) आणि नोड (मानेतल्या लसीका गाठी) मोकळे. वर व्रण असून त्याखाली न्यूट्रोफिलांची (तीव्र दाहातल्या पांढऱ्या पेशी) गर्दी आहे. खाली स्नायूंकडे मात्र लिम्फोसाइट (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) तुरळक. सर्जन म्हणतात, दाह भरपूर म्हणजे प्रॉग्नोसिस (आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज) चांगलं. हे लिहून द्यावं का?

हेमॅटॉक्सिलिन: नको. व्रणाखालचा दाह व्रणाचा असतो, तो मोजायचाच नाही. गाठ जिथे आत घुसतेय ती कड पाहा, तीही मायक्रोस्कोपच्या 4x ऑब्जेक्टिव्हने. कडेच्या प्रत्येक फील्डमध्ये लिम्फॉइड गाठोळी (लिम्फोसाइटांचे पुंजके) किंवा सलग पट्टा असेल तर प्रतिसाद जोरदार, काहीच फील्डमध्ये असेल तर मध्यम, जवळपास नसेलच तर कमजोर. नेक्रोसिस (मेलेली ऊती), आधीच्या बायॉप्सीची जागा, फुटलेल्या केराटिनभोवतीच्या जायंट सेल आणि सुजलेल्या लाळग्रंथींमधल्या पेशी वगळा. लाळग्रंथींमधल्या पेशी मोजण्याची चूक जिभेत फार होते. लहान वरवरच्या बायॉप्सीत ही कड नसतेच, तिथे श्रेणी देऊ नका. तुमची केस वर्णनावरून कमजोर वाटते, म्हणजे सर्जनच्या समजुतीच्या नेमकं उलट.

स्लाइडखालून: मग तोंडाच्या कॅन्सरचा धोका गुणांनी मोजणाऱ्या ब्रँडवाइन-गेन्सलर मॉडेलमध्ये कमजोर प्रतिसादाचे 3 गुण. एकूण 3 झाले की हाय रिस्क. एवढ्या लहान गाठीला?

कडवट कड: मॉडेल तसंच आहे. 2005 चं. लिम्फोसाइट, आक्रमणाचा सर्वांत वाईट नमुना (गाठ आत कशी पसरते, 1 ते 5) आणि मज्जातंतूंभोवतीचं आक्रमण, प्रत्येकी 0, 1 किंवा 3 गुण. पण नंतरच्या काही रुग्णमालिकांत दाहाचा घटक स्वतंत्रपणे टिकला नाही, आणि दोन पॅथॉलॉजिस्टांचं मध्यम-कमजोर यावर एकमत होणंही अवघड जातं. निव्वळ त्या 3 गुणांवर रेडिएशन देऊ नये. तो निर्णय मार्जिन, नोड, नोडबाहेरचा प्रसार, खोली आणि मज्जातंतूंभोवतीचं आक्रमण यांवर व्हावा. नमुना 5, म्हणजे मुख्य गाठीपासून 1 मिमी किंवा जास्त दूर सुटी बेटं, हे मला दाहापेक्षा कितीतरी भरवशाचं वाटतं.

सीबीसीवाली: कुणीतरी रक्तातलं न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर काढून "दाह जास्त" म्हणेल, म्हणून आधीच सांगते: ते वेगळं प्रकरण. ते वाढलेलं असणं वाईट मानतात, ऊतीतले लिम्फोसाइट भरपूर असणं चांगलं. शिवाय किडलेला दात, छातीतला संसर्ग किंवा स्टेरॉइडचा एखादा डोस यानेही ते गुणोत्तर चढतं. सर्जरीच्या आधीचा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) घ्या, नंतरचा निरुपयोगी.

हेमॅटॉक्सिलिन: कडवट कड यांच्याशी सहमत. रिपोर्टमध्ये एक ओळ पुरे: "आक्रमक कडेवर लिम्फोसाइट प्रतिसाद: कमजोर; व्रणाखालचा तीव्र दाह धरलेला नाही." श्रेणी देण्याआधी कडेचे सगळे ब्लॉक बघा, एकाच ब्लॉकवर ठरवू नका. आणि जिथे दाह दाट आहे तिथे ट्यूमर बड, म्हणजे पाचपेक्षा कमी पेशींचे सुटे पुंजके, गर्दीत हरवतात. मॅक्रोफेजही (मोठ्या भक्षक पेशी) कधी बडसारखे दिसतात. शंका आली तर पॅन-सायटोकेराटिन (गाठीच्या पेशी रंगवून वेगळ्या दाखवणारा स्टेन) लावा.